भात रांधून ठेव

प्रिय आई,

पाकीट पाहून घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे. फोन असताना ही पोरगी पत्र कशाला लिहिते असं बाबा विचारतील. त्यांना म्हणावं, मायलेकीच्या गोष्टी आहेत, तुम्ही बैलांकडे बघा. फोनवर तू मला बोलूच कुठे देतेस? "बरी हायेस ना? जेवली ना? ठेवू मंग?" एवढ्यात तुझं बोलणं उरकतं. त्या दिवशीही तसंच केलंस. "कोजागिरीले ये, तुले ओवाळतो, आता तूच मोठी," असं म्हणालीस आणि मी तोंड उघडायच्या आत फोन ठेवलास. त्याचं उत्तर द्यायलाच बसले आहे. ते शेवटी येईल, कारण मला सरळ सांगायचा धीर होत नाही. तू सातवी शिकलेली आहेस. कुणाकडून वाचून घेऊ नकोस, स्वतःच सावकाश वाच.

नवरात्र संपलं आणि आमच्या दुकानातला गोंधळ जरा निवला. या वर्षी घागऱ्यांची एवढी कामं आली की आमच्या मालकीण साधनाताई मशीनवरच जेवायच्या. गिऱ्हाइकं तर काय, आज कापड आणून टाकतात आणि उद्याच्या गरब्याला घागरा मागतात, जसं काही आम्ही रात्री झोपतच नाही. चंद्रपूरला सणांची साखळी तुटत नाही गं. चैत्रात महाकालीची यात्रा आली की झरपट नदीच्या काठावर मुंगीला वाट मिळत नाही आणि आमच्याकडे देवीच्या खणांचे ढीग लागतात. तान्ह्या पोळ्याला प्रत्येक आईला आपलं लेकरू शेतकरी झालेलं बघायचं असतं, म्हणून एवढीएवढी धोतरं शिवायची. ती लेकरं लाकडी बैल ओढत दुकानासमोरून जातात, आणि त्यातल्या एकाचं तरी धोतर हमखास सुटतं. मग गणपती, मग देवी, मग दीक्षाभूमीवरची गर्दी, की लगेच दिवाळी. मी सगळे सण मशीनच्या सुईतून बघते.

आणि दादा ते शिडीवरून बघायचा. जटपुरा गेटच्या रस्त्याने गणपतीची मिरवणूक निघायची तेव्हा अर्ध्या शहराचा उजेड आपल्या हेमराजने बांधलेला असायचा. तो कामाला होता त्या मंडपवाल्याकडे दुसरे लोकही होते, पण माळ कुठे विझली हे नुसतं बघून ओळखायचा तो एकटाच. विसर्जनाच्या दिवशी दुकानासमोर उभा राहून मला हाक मारायचा, "ये मयुरे, भायेर ये, पाय तरी!" बाहेर गेले की हात पसरून अख्खा रस्ता मला दाखवायचा, जणू त्याच्या बापाचाच. आता तिथे माळा दुसरं कोणी लावतं. छानच लावतात, वाईट कशाला म्हणू? मी मान खाली घालून काज करत बसते.

दोघेही शहराच्या सणांवर जगलो, म्हणून घरचे सण आमच्या हातून सुटत गेले. तरी कोजागिरी त्याने कधी चुकवली नव्हती. दुपारच्या बसने कुरखेड्याला उतरायचा आणि तिथून मिळेल त्या गाडीने गावात. अंगणात पाट, कणकेचा दिवा, नवा शर्ट. आधी तू चंद्राला ओवाळायचीस, मग त्याला. मोठं लेकरू म्हणून मान त्याचा. लहानपणी मी त्या पाटाशेजारी मातीत लोळून रडायचे, "मले काऊन नाई ओवाळत?" तू म्हणायचीस, "तुयासाठी राखी हाये, भाऊबीज हाये." भाऊबीजेला ओवाळायचं मीच असतं, हे तुला कधी पटलं नाही. दूध प्यायला सगळे आत गेले की दादा मला चुलीमागे गाठायचा आणि आपलं कुंकू लागलेलं कपाळ माझ्या कपाळावर दाबायचा. "घे, झाली तू बी मोठी." अर्धं लाल कपाळ घेऊन मी गावभर मिरवायचे. तुला वाटायचं मी तुझ्या करंड्यात हात घातला, आणि तू मला रागवायचीस. तेव्हा त्याचं नाव मी सांगितलं नाही.

दोन वर्षांपूर्वीची कोजागिरी मात्र चुकली. म्हणजे तुझ्या हिशेबाने चुकली. दसऱ्याला तो अहेरीला मंडपाच्या कामावर होता. तिकडून आला तर इथल्या एका कॉलनीत कोजागिरीचा कार्यक्रम, गाणी, दूध, सगळ्या गच्चीवर माळा. मालकाने सुट्टी दिली नाही. तुला फोन करून म्हणाला, "दिवाळीले येतो माय, तवा ओवाळजो दोनदा." नंतर ताप चढला. अहेरीकडचा मलेरिया असावा असं डॉक्टर म्हणाले, तो डोक्यात गेला होता. दिवाळीचे आकाशकंदील बाजारात आले आणि आपण त्याला गावी नेलं, ते शेवटचंच. मागच्या वर्षी घरात सण नव्हते. त्याच्यानंतर आपण करणार ती ही पहिली कोजागिरी.

आता खरं सांगते. नवरात्रात आपल्या शेजारची गिरजाबाई महाकालीच्या दर्शनाला आली होती, माझ्याच खोलीवर उतरली. मी तिच्यासमोर तुझ्यासाठी ज्वारीच्या पिठाची पिशवी बांधायला घेतली. तुला शुगर निघाली, डॉक्टरने भात बंद केला, असं तूच सांगितलं होतंस ना? तेव्हापासून मी वेड्यासारखी ज्वारी पाठवते आहे, बिनसाखरेची बिस्किटं पाठवते आहे. गिरजाबाई पिशवीकडे बघत बसली आणि मग पदराने डोळे पुसायला लागली. म्हणाली, "कायची शुगर वो बाई! तुई माय म्हणते, मी पोराले ओवाळलं नाई म्हणून तो गेला. आता मी कोन्त्या तोंडानं भात खाऊ?" आई, आपल्या घराला चारी बाजूंनी धानाच्या बांध्या. हलका धान आता कापणीला आला असेल. घरात नव्या तांदळाचा वास घुमतो तेव्हा तू चुलीपुढे बसून स्वतःसाठी भाकर थापतेस, आणि आम्हाला वाटतं पथ्य चाललं आहे. तुझ्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतात, त्यालाही मी शुगरच समजत होते. त्या रात्री गिरजाबाई झोपली आणि मी तोंडात पदर कोंबून रडले.

ओवाळणी चुकली नव्हती गं आई. मी ओवाळलं होतं त्याला.

त्या दिवशी संध्याकाळी दुकान सुटल्यावर मी त्याला डबा द्यायला त्या कॉलनीत गेले होते. तो शिडीवर होता. समोरच्या गच्चीआडून चंद्र वर येत होता, चांगला मोठा, आणि मला एकदम आपलं अंगण आठवलं. पोळ्यांची कणीक उरली होती, तिचा दिवा मी खोलीवरूनच करून नेला होता. म्हणजे मनात आधीच होतं. डब्याच्या झाकणात दिवा ठेवला, कागदाच्या पुडीत दुकानातल्या देवापुढचं कुंकू होतं. म्हटलं, उतर खाली. तो हसायला लागला. "तू काय माई माय हायेस का?" पण उतरला. हाताला काळी चिकटपट्टी, चपला काढून वायरींच्या भेंडोळ्यावर पूर्वेला तोंड करून बसला. मी आधी चंद्राला ओवाळलं, मग त्याला, अगदी तुझ्यासारखं. मग त्याने मला जवळ ओढून कपाळाला कपाळ लावलं, आणि शिडी चढताना म्हणाला, "मायले सांगू नको हं, तिचा मान तू घेतला म्हणून तिले वाईट वाटन."

म्हणून आधी सांगितलं नाही. तो गेल्यावर तर जीभच रेटेना. तू "ओवाळलं नाई" म्हणून ऊर बडवत होतीस, आणि मला वाटलं, तुझ्याजवळ निदान एक कारण तरी आहे. तेही काढून घेतलं तर तू कशाला धरून बसशील? कारण खरं हेच आहे ना आई, त्याला ओवाळलं होतं आणि तरी तो गेला. दिवा होता, कुंकू होतं, चंद्र होता, मी मनापासून त्याचं आयुष्य मागितलं होतं. तुझ्या हाताने झालं असतं तरी तो थांबला नसता. तुझं काही चुकलं नाही, माझंही नाही. मला हे लिहिताना फार जड जातंय, पण भाकर थापत तू झिजत जातेस ते मला त्याहून सोसत नाही.

मी कोजागिरीला येते, दुपारच्या बसने. अंगणात पाट मांड, चंद्राला ओवाळ, आणि मग ताट खाली ठेव. मला त्या पाटावर बसवू नकोस. तू मला ओवाळलंस की दादाची जागा भरली असं होईल, आणि ती मला भरायची नाही. मोठं लेकरू तुला एकच झालं, तो गेला तरी मोठा तोच. माझ्या कपाळाला मोठेपणाचं कुंकू लागायचं ते त्याच्याच कपाळावरून, दुसरीकडून मला नको. मी आले की एकच काम कर. नव्या तांदळाचा भात रांधून ठेव, आणि माझ्यासमोर, माझ्या ताटात, माझ्याबरोबर जेव. पहिला घास तुझ्या घशाखाली उतरत नाही तोवर मीही जेवणार नाही. मी किती हट्टी आहे ते तुला ठाऊक आहे, मातीत लोळताना तूच पाहिलं आहेस.

तुझीच, आणि तुझी धाकटीच,
मयुरी