आतून दोन, बाहेरून दोन

२ फेब्रुवारी २०२६, सोमवार. दौंड

आधी कालची चूक दुरुस्त करते. काल पहिल्याच पानावर मी लिहिलं की मला कुरकुंभच्या औषध कंपनीत लॅबमध्ये नोकरी लागली. ते खरं नाही. मला उत्पादनात घेतलंय, पावडरच्या विभागात, शिकाऊ म्हणून. डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, अंगात निळा ड्रेस. महिनाभर सगळ्यांना लॅब सांगत आले, त्यामुळे वहीतही तेच उतरलं. त्या ओळीवर एक रेघ मारली आहे आणि बाजूला 'सारिका' अशी सही करून आजची तारीख घातली आहे.

खोडरबर मी वापरत नाही. मांडवगणची शाळा आमच्या वस्तीपासून लांब आणि मध्ये ओढा, म्हणून तिसरीपर्यंत मला आप्पांनी घरीच शिकवलं. ऊस आणि कांदा सांभाळून वडील जेवढं शिकवू शकतात त्याहून जास्तच शिकवलं. ते म्हणायचे, खोडलं की चूक लपती, रेघ मारली की दिसती, आन् दिसली की परत व्हत न्हाई. आज कंपनीत पहिल्याच तासाला हाच नियम सांगितला. कागदावर चुकलं तर एकच रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही आणि तारीख. मला हसूच आलं. ओळखीच्या घरात आल्यासारखं वाटलं.

खोलीही छान मिळाली. सोजराबाईंच्या घरामागे आहे, नळ दारात, आणि स्टेशनवरच्या घोषणा इथवर ऐकू येतात. कुठं कामाला, असं सोजराबाईंनी विचारलं. मी लॅब म्हणाले. तेही लिहून ठेवते. उद्या खरं सांगेन.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आमच्या विभागात दोन मिक्सर आहेत, एक आणि दोन. मिक्सर म्हणजे उभा माणूस मावेल एवढं स्टीलचं भांडं. आत पाती, वर झाकण. माल निघाला की एका बाईने शिडीने आत उतरून ते हाताने पुसायचं. त्याआधी इलेक्ट्रिशियन त्या मिक्सरच्या बटणाला कुलूप लावतो, म्हणजे कुणी चुकून चालू करू नये. बटणं बाहेरच्या काचेच्या पॅसेजमध्ये आहेत. बाहेरच्या बाईने तिथे जाऊन कुलूप डोळ्याने बघायचं आणि शीटवर सही करायची. बाहेरची बाई म्हणजे मी.

आत उतरणाऱ्या धुरपदामावशी. पन्नाशीच्या आहेत, वीस वर्षं इथेच. त्यांची स्वतःची एक पद्धत आहे. उतरल्या की आतून बोटाच्या पेराने दोनदा वाजवतात, टक टक. बाहेरच्या बाईने कुलूप बघून यायचं आणि बाहेरून दोनदा वाजवायचं. ते ऐकू आल्याशिवाय त्या फडकं हातात घेत नाहीत. मला त्यांनी बजावलं, बघून मगच वाजीव, पोरी, वाजवून मग बघू नगं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

धुरपदामावशींना फक्त 'धु' एवढीच सही येते. नियमाला तेवढी चालते. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना पूर्ण नाव शिकवते आहे. आज 'धुर' झालं. त्यांनी ते शेजारच्या चार जणींना दाखवलं. एक म्हणाली, आता धुरपदा मॅनेजर व्हणार. मावशी म्हणाल्या, व्हय, मग तुझा डबा मीच तपासनार.

त्यांच्या सुखाचा मला राग येतो, हे कुणाला सांगता येत नाही. कंपनीच्या बसमध्ये तिसऱ्या बाकड्याची खिडकी त्यांची. बसल्या की चपला काढून पाय वर घेतात आणि म्हणतात, लई झाक चाललंय आपलं. मी विचारलं, मावशी, कधी वाटलं नाही का, दुसरं काहीतरी करावं? त्या खरंच विचारात पडल्या. मग म्हणाल्या, एकदा वाटलं व्हतं, खिडकी डाव्या बाजूची घ्यावी. पर तिकडनं ऊन लागतं.

कंपनीचा ड्रेस त्या घरापुढच्या दोरीवर वाळत घालतात, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. मी माझा खोलीत, ओढणीखाली वाळवते.

१९ फेब्रुवारी, गुरुवार. मांडवगण

शिवजयंतीची सुट्टी. घरी आले. विक्रममामा आले होते, माझ्यासाठी स्थळ घेऊन. म्हणाले, कंपनीत म्हंजी काय, टोपी घालून डबं भरती का? ते तर आमच्या बांधावरच्या बाया बी करत्यात, तेवढ्यासाठी बीएस्सी केली व्हय? आप्पा मोठ्याने म्हणाले, लॅबला हाय ती, साहेब हाय.

आप्पांना खरं माहीत आहे, मी त्यांना सांगितलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी चहाचे कप गोळा केले.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आज सकाळी दहा चाळीसला अपघात झाला. धुरपदामावशी गेल्या.

त्या मिक्सर एकमध्ये सफाईला उतरल्या होत्या. कुलूप मात्र दोनच्या बटणाला लागलेलं होतं. आमच्या शिरूरच्या कॉलेजची मुलं कंपनी बघायला आली होती. शिफ्टचे मच्छिंद्र सर त्यांना चालू मशीन दाखवत होते. दोनला कुलूप दिसलं, म्हणजे दोनमध्ये सफाई चालू असणार, असं समजून त्यांनी एकचं बटण दाबलं.

मी कुलूप बघून सही केली होती. ते नंतर कुणी हलवलं असेल तर माहीत नाही.

मावशींची टकटक मला ऐकू आली नाही.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

चौकशीला बाहेरचे साहेब आले होते. सफाईच्या शीटवर माझ्या अक्षरात 'मिक्सर १' होतं. मच्छिंद्र सरांनी सांगितलं म्हणून मी १ वर एक रेघ मारली, शेजारी २ लिहिलं आणि सही केली. तारीख चोवीसची घातली. आता कागद म्हणतो की सफाई दोनची होती, कुलूपही दोनला होतं, आणि मावशी चुकून एकमध्ये उतरल्या. साहेबांनी कागद उजेडात धरून पाहिला. म्हणाले, दुरुस्ती व्यवस्थित आहे.

आप्पांनी शिकवलेली रेघ इतकी सरळ आली की काही विचारू नका.

१ मार्च, रविवार

मावशींची मुलगी आज डबा आणि चपला न्यायला आली. सायली नाव, एकोणीस वर्षांची. गेटवरच कुणीतरी तिला सांगितलं होतं की आईच्याच वेंधळेपणाने झालं. माझ्याजवळ येऊन म्हणाली, ताई, आई येंधळी नव्हती ओ. घरातली कडीसुदिक दोनदा बघायची. तुम्ही व्हता ना तिथं?

मी होते म्हणाले. डबा आणि चपला पिशवीत घालून दिल्या. जाताना तिने मला वाकून नमस्कार केला, आईला अक्षरं शिकवणारी म्हणून.

४ मार्च, बुधवार

सुट्टी टाकली होती. सकाळी खोलीत एकटी. पत्र्याच्या पेटीतून आवाज आला. टक टक.

उंदीर असेल म्हणून उघडली. कपडे, सर्टिफिकेटची फाईल, ही वही. घड्याळात दहा चाळीस.

वही उघडली. चोवीस तारखेच्या पानावर, 'मी कुलूप बघून सही केली होती' या ओळीवर एक रेघ आहे. एकच. खालचं वाचता येतं. शेजारी सही, शिकणाऱ्याच्या हाताची, थोडी वर चढत गेलेली. धुरप.

मी त्यांना 'प' शिकवलाच नव्हता. तो चोवीस तारखेला शिकवायचा होता.

रेघ मारली आहे, पण खरं काय ते लिहिलेलं नाही. ती जागा मोकळी आहे. ते मीच लिहायचं असणार. तर लिहिते. कुलूप बघायला मी गेले नाही. पॅसेजमध्ये आमच्या कॉलेजच्या मॅडम उभ्या होत्या, ज्यांना मी लॅब सांगितलं होतं. टोपीत आणि मास्कमध्ये त्यांनी मला ओळखू नये म्हणून मी मिक्सरशेजारच्या कपाटामागे उभी राहिले आणि सही तिथूनच केली. डोळ्याने बघितलं असतं तर इलेक्ट्रिशियनने कुलूप चुकीच्या बटणाला लावलेलं लगेच दिसलं असतं.

६ मार्च, शुक्रवार

कामावर जेवणाच्या सुट्टीत माझ्या बंद डब्यातून. टक टक. शेजारच्या बाईने खाणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. तिलाही ऐकू आलं होतं. ती डबा घेऊन दुसरीकडे जाऊन बसली.

बसमध्ये तिसऱ्या बाकड्याची खिडकी रिकामीच असते. बायका उभ्या राहतात, पण तिथे कुणी बसत नाही. आज सीटखाली चपला काढून ठेवलेल्या दिसल्या. त्या तर सायलीने नेल्या —

९ मार्च, सोमवार

सोजराबाई म्हणाल्या, ड्रेस बाहेर वाळत घातलास ते बरं केलंस, मला वाटायचं तू लपवतीस. बाहेर बघितलं. पुढच्या दोरीवर माझा निळा ड्रेस. दोन चिमटे, बाह्या सरळ केलेल्या, रस्त्याकडे तोंड. मी वाळत घातला नव्हता. बाहेर मी कधीच घालत नाही.

तसाच राहू दिला. काढायला हात लावला नाही.

वहीत दुसरी रेघ. 'मावशींची टकटक मला ऐकू आली नाही' या ओळीवर. सही — धुरपद.

खरं लिहिते. ऐकू आली होती. दोनदा. नेहमीसारखी. मॅडम काचेपलीकडेच होत्या. मला वाटलं, मी उत्तर दिलं नाही तर मावशी हाक मारतील, सारिका, ए सारिका, आणि मॅडम वळून बघतील.

म्हणून मी उत्तर दिलं. न बघता. कपाटामागून हात लांब करून मिक्सरवर दोनदा वाजवलं.

त्यानंतर आतून फडक्याचा आवाज सुरू झाला. त्या माझ्यावर विसंबून कामाला लागल्या.

१२ मार्च, गुरुवार

मच्छिंद्र सरांनी सांगितलं, कंपनी सायलीला आईच्या जागी घेतेय. सोमवारी फर्स्ट शिफ्टला पहिला दिवस. मिक्सर एक. आत सायली, बाहेर सारिका, तुला सवय आहे.

सर हल्ली हात सारखे धुतात. त्यांना वाटतं मावशीच चुकल्या. तसं वाटतं म्हणून ते उभे आहेत.

टक टक आता रोज. पाण्याची टाकी. सोजराबाईंचं कपाट. दोनदा वाजतं आणि मग थांबतं. रागावल्यासारखं नाही वाजत. तेच सोसत नाही. कामाचा आवाज आहे तो. उत्तराची वाट बघणारा.

१४ मार्च, शनिवार

तिसरी रेघ. 'मच्छिंद्र सरांनी सांगितलं म्हणून' यावर.

सरांनी सांगितलं नव्हतं. सरांनी फक्त विचारलं, सफाई नक्की कोणत्या मिक्सरची होती गं? दोन, असं मीच म्हणाले. शीटही मीच पुढे ओढली. पेन माझंच होतं.

सही पूर्ण झाली आहे. धुरपदा. काना नीट दिलाय. मी शिकवला असता तसाच.

खाली तारीख आहे. आजची नाही. १६/३/२६.

सोमवार. ती तारीख माझ्यासाठी आहे की सायली —

१५ मार्च, रविवार. सकाळ

सायलीचा फोन आला. ताई, आईसारखंच आतून दोनदा वाजवू ना? मी हो म्हणाले.

हो म्हणाले.

आप्पांना फोन करून सगळं सांगितलं. कपाट, टकटक, शीट. आप्पा म्हणाले, लॅबला हाय असं मीच म्हनलो व्हतो, आधी त्याच्यावर रेघ मार. मग तुझ्या आकड्यावर.

शीटवर रेघेखाली १ आहे. अजून वाचता येतो. तो वाचता यावा म्हणूनच तर नियम —

दहा चाळीस. पेटीतून. टक टक.

थांबलं. वाट बघतंय.

उत्तराला हात उचलला होता. ठेवला. नाही, मावशी. आधी बघते, मग —

लिहून ठेवते, म्हणजे मागे फिरता येणार नाही. सायलीने शिडीवर पाय ठेवायच्या आधी खरं सांगेन. सरांसमोर, बायकांसमोर, मास्क काढून. शीट हातात घेऊन. २ वर एक रेघ, शेजारी १, सही, आणि तारीख खरी. या वेळी खरी. इथे वहीत आधीच घालून ठेवते, सोमवार, १६ मार्च —