रोहनची पहिली बंदूक कुणाच्या हातून

४ ऑक्टोबर ९६
व्याही आले. विमान दुपारचं, घरी पोचेस्तोवर दिवे लागले. नातवाच्या, रोहनच्या, बंदुकीचं माप घ्यायला कूर्गहून लाकडाची बंदूक कोरून आणलेली, ती विमानतळावर ठेवून घेतली. इथं सिंगापुरात खेळण्यातलीसुद्धा चालत नाही, हे मी सुनेला आधीच बजावलं होतं. कावेरी म्हणे, "पप्पांना कोण सांगणार, आई?" मी होते की सांगायला.
नातू आठ वर्षांचा झाला, आता त्याला पहिली बंदूक द्यायची. खरी. छोटी, छऱ्यांची. त्यांच्यात मुलगा झाला की आभाळात बार काढतात. आम्ही पेढे वाटलेले. पेढ्यांचा आवाज होत नाही.

५ ऑक्टो.
त्यांचा नव्या भाताचा सण नोव्हेंबरअखेर. बंदूक त्याच दिवशी हातात द्यायची. म्हणजे पोराची शाळेची सुट्टी कूर्गला. आणि माझं गुहागर? मी त्याला घेऊन जाणार हे गणपतीतच ठरलेलं. माझा सतीश बोटीवर, कावेरी ऑफिसात, बेडोकच्या या फ्लॅटमधे पोराचा शेंबूड पुसला कुणी? व्याह्यांनी मिशीला पीळ दिला आणि पोरगं त्यांचं.

८ ऑक्टो.
माझ्या मॉपचा दांडा कापला!! मला न विचारता. लाकडी बंदूक गेली म्हणून. खांद्यापासून बोटापर्यंत लांबी जुळली पाहिजे, दस्ता, म्हणजे खांद्याला टेकायचा भाग, मोठा झाला तर पोराची मान वाकडी होते, वगैरे. मी म्हटलं, फरशी काय मिशीनं पुसू? हिंदीत म्हटलं. हसले. राग आला असता तर बरं वाटलं असतं.
बंदुका दोन आहेत डोक्यात. एक नवी, हलकी, पोराला सहज उचलेल. दुसरी कावेरीची लहानपणची, जड. व्या. म्हणतात बार उडाला की हलकी जास्त लाथ मारते, जड निम्मा दणका स्वतः खाते. पण जड पेलणार का? बापलेक तासभर यावरच. चहा गार झाला.

१२ ऑक्टो.
सतीशचा फोन, कुठल्याशा बंदरातून. "जाऊ दे ना आई, एक सुट्टी."
एक सुट्टी म्हणे. तू बोटीवरच बरा.
पोरगं सकाळी हाक न मारता उठतं. आजोबांसमोर दांडा धरून सरळ उभं, बोट चापाच्या बाहेर, नळी जमिनीकडे. मी दुधासाठी पाच हाका मारते तेव्हा बहिरं. आज मी लाटणं त्याच्याकडे करून म्हटलं, पोळी खातोस की नाही? तर मलाच, इथल्या पोरांच्या इंग्रजीत, "आजी, कॅनॉट लाह! रिकामी असली तरी कुणावर धरायची नाही."
लाटण्यात छरे भरते आता.

१५ ऑक्टो.
पोराला सांगितलं, बंदुकीनं ससे मरतात. डोळे भरले त्याचे. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. संध्याकाळी व्या.नी त्याला जवळ घेतलं, पहिलं वर्ष नुसते रिकामे डबे पाडायचे, म्हणाले. झालं. परत गळ्यात.

२० ऑक्टो. खंडेनवमी
पाटावर विळी, कात्री, सतीशचे पाने-पकडी, शिवणाचं मशीन शेजारी. दरवर्षीसारखं. रोहननं हळूच तो कापलेला दांडा ओळीत ठेवला. पाटावर आलेल्या वस्तूला वगळायचं नसतं, माझा हात आपला चालत गेला. हळद, कुंकू, झेंडूचं फूल. मग कळलं काय केलं ते.
व्या. चपला काढून मागे उभे. हात जोडले. म्हणाले, "बेहेनजी, हमारे घर में जो पहला तिलक लगाता है, वही बच्चे के हाथ में बंदूक देता है. अब आपको आना पड़ेगा."
कावेरीला विचारलं, असं आहे का तुमच्यात? ती म्हणे, "मी तर ऐकलं नाही, पण पप्पा म्हणतात म्हणजे..."
रिवाज की थाप? चेहऱ्यावरून कळत नाही. मिलिटरीतला माणूस.
रोहन नाचतोय. आजी देणार, आजी देणार.

२४ ऑक्टो.
व्या. गेले. जाताना दारात, "कौन सी लें, आप ही बता दीजिए." मी म्हटलं, बघते. लिफ्ट आली.
आता घर मोकळं. पोरगं रिकाम्या खुर्चीकडे बघत जेवलं. मी असताना.

२९ ऑक्टो.
गुहागरला कळवलेलं नाही, येतो की नाही. कूर्गलाही नाही. कावेरी दोनदा विचारून गेली, पप्पांना काय सांगू.
बंदूक जडच घ्यावी. हलकीनं खांदा सुजला तर बोल देणारीला लागेल, आणणाऱ्याला नाही. एवढं माझं ठरलेलं आहे. पण व्याह्यांनी एकदाच विचारलं, तेही लिफ्टपाशी. नीट फोन करून विचारू देत.
फोन आज आला नाही.