वरच्या बाकावरची जागा

२७ ऑक्टोबर
फिनलंडमधल्या क्वोपिओला पोहोचले. कारखान्याच्या बॉयलरवर तापमान मोजणारी उपकरणं बसवायची आणि नोव्हेंबरअखेरीला ब्रेमेनला परत. नाताळाआधीच्या चार रविवारांतली पहिली मेणबत्ती आईबरोबर घरीच लावीन, असा शब्द दिलाय तिला. बाबा गेल्यापासून ती एकटीच असते. खोली उजेडाची आहे, खिडकीतून तळं दिसतं. फिनिशमधलं अवाक्षर येत नाही, पण यंत्रांना भाषा लागत नाही. वरच्या मजल्यावरची इंकेरी आमच्याच कारखान्यात आहे. ती मोडकंतोडकं जर्मन बोलते.

३० ऑक्टोबर
कुणी काही विचारलं की मी हसून "हो" म्हणते. तेवढ्यावर भागतं. इंकेरीने हे दुकानात पाहिलं आणि म्हणाली, "अगं वीबके, अशी मुंडी हलवत राहिलीस तर एक दिवस बांधतील तुला कुणाच्या तरी गळ्यात!" मी म्हटलं, आधी त्याचा बॉयलर तपासून घेईन.

१ नोव्हेंबर
गेलेल्या माणसांची आठवण करायचा दिवस, म्हणून सुट्टी. इंकेरी आईच्या थडग्यावर दिवा लावायला गेली होती. दुपारी इमारतीतल्या बायका तळघरातल्या सॉनातून, वाफेच्या न्हाणीघरातून, न्हाऊन परतल्या. दारावर काहीतरी लिहून लावलेलं होतं. भट्टी अजून तापलेली. एवढी उष्णता वाया का घालवायची, म्हणून मी आत गेले. बादली भरलेली, कोरे पंचे घडी करून ठेवलेले.

वाफ विरळ झाल्यावर वरच्या बाकावर बायका दिसल्या. आत आले तेव्हा नव्हत्या. त्यांनी सरकून मला जागा दिली. कोपऱ्यातलीने मीठ मागावं इतक्या सहज काहीतरी विचारलं. मी हो म्हटलं. ती उठून गेली. बाकीच्यांनी माझा गुडघा थोपटला. त्यांचे हात गार होते. एवढ्या उकाड्यात.

२ नोव्हेंबर
इंकेरी चिडली. "वाचता येत नव्हतं तर मला विचारायचंस ना! त्या दिवशी आपण आधी न्हायचं. शेवटची वाफ त्यांची."
कुणाची, मी विचारलं.
"आमच्या गेलेल्यांची."
त्या बाईचे शब्द मी कानात राहिले तसे म्हणून दाखवले. इंकेरीने हातातला कप खाली ठेवला. बाईने विचारलं होतं, "मी येईपर्यंत माझी जागा धरशील?"
मी हसले. इंकेरी हसली नाही.

६ नोव्हेंबर
सारखी थंडी वाजते. खोलीचं तापमान योग्य आहे, दोनदा तपासलं. फक्त त्या बाकावर बसलं की बरं वाटतं. आज दुकानातल्या मुलीने काही विचारलं आणि मी उत्तर दिलं. फिनिशमध्ये. चांगलं लांबलचक. काय बोलले ते मला कळलं नाही. मुलगी खळखळून हसली.

९ नोव्हेंबर
आईला फोन केला. म्हणाली, "अगं, कालच तर पोटभर बोललीस! किती मोकळं बोललीस गं, बरं वाटलं." काल मी फोन केला नव्हता. काल मी बाकावर होते. तिला सांगायला गेले तर जर्मन शब्द — शोधावे लागले.

१४ नोव्हेंबर
आता जर्मन बोलता येत नाही. लिहिता येतं. इंकेरीशी जर्मनच बोलायला गेले, तर ती म्हणाली, हे तर माझ्या आजीच्या गावचं बोलणं. मग मागे सरकली. "तू कुणाकडची?" माझ्या तोंडून लगेच उत्तर गेलं. तिने दार लावून घेतलं.

विमानाचं तिकीट बदलायला गेले. ते वापरून झालंय.

नोव्हेंबर —
आईने फोन उचलला. मी बोलले. ती म्हणाली, काही समजत नाही हो, चुकून लागला असेल. मी पुन्हा बोलले. मागून कुणीतरी विचारलं, "कोण गं आई?" माझाच आवाज. आई म्हणाली, "कुणी परकी बाई आहे. रडतेय बिचारी."
"ठेव आता, सूप गार होतंय."
मी ओरडले. आईला एवढं तरी कळेल म्हणून माझं नाव सांगितलं, पण तोंडातून जे नाव आलं ते —