निरोपाच्या दिवशी पंखा बंद होता

तीर्थरूप सौ. आत्याला साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? (काल फोनवर आवाज खणखणीत होता, म्हणजे गुडघे सोडून बाकी सगळं ठीक असणार.) "तुम्हा लोकांच्या रडण्यापायी माझा माणूस निवृत्त व्हायचा राहिला," एवढं बोलून तू फोन आपटलास, म्हणून हा लेखी खुलासा.

आतोबांच्या निरोपाच्या दिवशी सकाळी मी त्यांच्या प्रयोगशाळेत एनबीएस वापरत होतो. ही एक पांढरी भुकटी. रेणूवर नेमक्या जागी ब्रोमीन बसवायचं तर ते नुसतं ओतून चालत नाही, भलतीकडेच धुडगूस घालतं. ही भुकटी ते बेताबेताने सोडते. आमची बाटली पिवळी पडली होती, म्हणून आदल्या दिवशीच ती गरम पाण्यातून शुद्ध करून वाळवली (आतोबांना पिवळी भुकटी आणि उशिरा येणारा विद्यार्थी सारखेच खपत नाहीत). मग ती चंबूतल्या द्रवात घातली आणि वर प्रखर दिवा लावला. भुकटी जड, तळाला बसून राहते. ब्रोमीन देऊन मोकळी झाली की जे उरतं ते वर तरंगतं. ते गाळून टाकलं आणि खालचा द्रव धूर ओढणाऱ्या कपाटात उघड्या भांड्यात आटत ठेवला. तयार मालात एकच खोड: त्याची वाफ डोळ्यांत गेली की कांदा परवडला.

समारंभ प्रयोगशाळेतच होता. संचालक बोलायला उभे राहिले, पण कपाटाच्या पंख्याच्या घरघरीत त्यांचा शब्द कळेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी पंखा बंद केला. (भाषण आटपेपर्यंत काय होतंय, असं वाटलं. भाषण आटपेचना.) "यांची शिस्त..." इथवर आले आणि त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या. मग खरेदी विभागाचे साहेब, ज्यांचं आतोबांशी साध्या बाटलीच्या बुचावरूनही कधी जमलं नाही, ते हमसून हमसून रडू लागले. मी तर कपाटाला टेकूनच उभा, माझं काय विचारतेस. संचालकांनी रुमालाआडूनच मुदतवाढ जाहीर केली. "एवढी माया असेल असं वाटलं नव्हतं," म्हणत आतोबा हो म्हणाले. खिडक्या उघडायचं नंतर सुचलं.

ते घरी येणार म्हणून तू किती दिवस वाट पाहत होतीस, मला माहीत आहे. मनापासून वाईट वाटतं. पण आत्या, ती माया नव्हती, वाफ होती.

तुझा भाचा

ता.क. हे त्यांना तूच सांग. माझ्या प्रबंधावर सही त्यांचीच लागते.

ता.क. (दुसरा) पाकीट चिकटवणार तोच आतोबा आले. "त्या दिवशी पंखा तूच बंद केलास ना?" म्हणाले. सगळी उमर या वासात गेलेली, त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं! मग मुदतवाढ कशाला घेतलीत, असं विचारलं, तर रिकामा चंबू विसळत म्हणाले, "घर तिने एकटीने चालवलंय रे. मी तिथे नुसता पायात घुटमळणार." तेव्हा पहिला ता.क. रद्द. त्यांच्यावाचून तुझं काहीतरी अडलंय, असं त्यांना कळव. खोटं असलं तरी चालेल. बोलता बोलता ते चष्मा काढून डोळे पुसत होते. कपाटात काहीही नव्हतं, आणि पंखा जोरात चालू होता.