नानांची अक्षरं नव्या वावरात

नाना, काल मी तुमचा कॉम्प्युटर बंद केला. तुम्ही असता तर माझ्या हातावर फटका मारला असता, म्हणून काय झालं ते नीट सांगतो.

तुमच्या मागे काही वर्षांनी तो पांढरा डबा कायमचा मोडला. धुळ्याला दिलेल्या माझ्या लेकीनं त्याच्या पोटातलं सगळं आपल्या प्रेसच्या नव्या कॉम्प्युटरात उतरवलं. एक प्रोग्राम उघडला की खिडकीत तुमचा जुना कॉम्प्युटर जसाच्या तसा चालू होतो, आणि त्यात तुम्ही माऊसनं काढलेली लग्नपत्रिकेची अक्षरं. ती दुसरीकडे कुठंच उघडत नाहीत. मेहरूण भागातली माणसं अजून येतात, "बापाच्या पत्रिकेला होतं तेच अक्षर पाहिजे," म्हणतात. आता तो प्रोग्रामच चालेनासा होणार, म्हणून लेक आली. "आबा, यातून उचलून दुसऱ्या प्रोग्रामात ठेवू. पण आधी हे पूर्ण बंद करा." मी म्हटलं, मी कधीच बंद करत नाही, रोज नुसतं झोपवतो. सकाळी उठवलं की काम होतं तिथंच असतं. "झोपलेलं तिकडे जात नाही, आबा. दुसऱ्या प्रोग्रामला याची झोप कळत नाही." "प्रत काढलीस ना?" "काढली." "फोटोत माणूस असतो का?" "आबा, तुम्ही चहा प्या."

मी का घाबरतो हे तुम्हाला ठाऊक आहे. मी सातवी नापास, ट्रेडल छपाईयंत्रावरचा माणूस. संध्याकाळी रोलर पुसायचे आणि मेन स्विच ओढायचा, ही माझी सवय. कॉम्प्युटर नवा होता, तुम्ही समोर चहाला गेला होता, आणि मी स्विच ओढला. तुम्ही येता, काळ्या पडद्यासमोर उभे राहता. "बठ्ठं गयं ना रे! हाई काय ट्रेडल शे का?" दिवसभराची अक्षरं गेलेली. मला वाटलं, उद्यापासून येऊ नको म्हणाल. पण सकाळी तुम्ही मला तुमच्या खुर्चीत बसवलं, माऊस हातात दिला. "आते तू काढ." मी ळ काढला. जिलेबीच झाली. तुम्ही पोट धरून हसलात आणि म्हणालात, "राहू दे. तुनाबी एक अक्षर राहू दे." तेव्हापासून तुमच्या छापाच्या प्रत्येक पत्रिकेवर जळगावचा, धुळ्याचा, भुसावळचा ळ माझा आहे.

काल बोट बटणावर ठेवलं आणि दाबवेना. मग चोपड्याकडचं तुमचं वावर आठवलं. केळीचे कंद लावायचे होते, तुम्ही विळ्यानं हिरवेगार शेंडे छाटत होता आणि मला कळवळा येत होता. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "शेंडा कापा बिगर कंद दुसरा वावरमा लागत नही." मी बटण दाबलं.

तिकडे चालू केलं तर पडदा काळा. "गेलं बठ्ठं," मी म्हटलं. लेक म्हणाली, "थांबा हो, डिस्कचा प्रकार चुकीचा निवडलाय." तिनं काहीतरी बदललं. काळ्यावर पांढऱ्या ओळी आल्या, मग तुमचा तो राखाडी पडदा आला. भलतीच वेळ दाखवत होता, नवी वस्तू सापडली म्हणून कुरकुरत होता, पण होता. मी एक जुनी पत्रिका उघडली. तुमचा श्री होता, आणि खाली जळगावात माझी जिलेबी. लेक हसली. "आबा, हा ळ असा कसा?" मी सांगितलं. आता ती धुळ्याच्या तिच्या मैत्रिणींच्या पत्रिका याच अक्षरात करणार म्हणते, आणि मला ते खरं वाटतंय.

हे पत्र तुमच्याच अक्षरांत, त्याच खिडकीत लिहिलंय. छापणार नाही, छापून तरी कुणाला देऊ? जाताना लेकीनं बजावलं, "नव्या जागी आलंय, निदान आता तरी रोज नीट बंद करत जा." मी हो म्हटलं. नाना, नाही केलं बंद. झोपवलंय.