पप्पांच्या नावावरची झोप

कोरीट,
दसऱ्यानंतरचा मंगळवार

प्रिय भावेश,

तुला आणि हेमांगीला अनेक आशीर्वाद.

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस. घरी सगळे बरे आहेत, म्हैससुद्धा. फोन सोडून पत्र का, तर आपल्या घरात फोन एकच, तो तुझ्या पप्पांच्या खिशात, आणि बोलायचं म्हटलं की स्पीकर चालू. तू पुण्यात शिंकलास तरी पलीकडच्या ओट्यावर फुलवंताबाईला कळतं. आज जे सांगायचं आहे ते तिला कळलं तरी माझी हरकत नाही, पण पप्पांच्या कानावर जायच्या आधी ते तुला कळायला हवं. शाळेत पत्रलेखनात मी वर्गात पहिली यायचे. ती विद्या एवढ्या वर्षांनी कामाला येते आहे, तेव्हा जरा पाल्हाळ लागलं तर सहन कर.

पहिली बातमी बुटांची. शुक्रवारी तुझा मेसेज आला आणि शनिवारी तुझे पप्पा नंदुरबारला जाऊन जाड तळव्यांचे बूट घेऊन आले. ते मऊ व्हावेत म्हणून घरातच घालून फिरतात. स्वयंपाकघरात येऊ नका म्हटलं तर उंबऱ्याशी उभे राहून जागच्या जागी पाय आपटतात. कापूस वेचणीला आला आहे, मजूर बांधावर वाट बघतात, आणि हे पारावर बसून तुझा मेसेज वाचून दाखवतात की पप्पा, तुमची रिकव्हरी माझ्यापेक्षा चांगली आहे, धनत्रयोदशीला अस्तंब्याच्या डोंगरावर जायला आता माझी ना नाही. शहाद्याहून खताचा माणूस आला होता, त्यालाही वाचून दाखवला. आमच्या लग्नातसुद्धा ते इतके खूश नव्हते, आणि त्या लग्नात मी अगदी समोर होते म्हणून सांगते.

तुला वाटत असेल, अस्तंब्याचा हा हट्ट त्यांचा आहे. मूळ हट्ट माझा. गेल्या वर्षी सुरतेला त्यांना हृदयात जाळी बसवायला आत नेलं तेव्हा तू अजून वाटेत होतास. मी बाकावर एकटी, मांडीवर त्यांचा सदरा. माणूस अशा वेळी सगळ्या देवांची नावं घेतो म्हणतात, मला एकच आठवला. लग्नाआधी तुझे पप्पा दर धनत्रयोदशीला गावातल्या पोरांबरोबर झेंडा घेऊन तळोद्याला जायचे आणि तिथून सातपुडा चढून अश्वत्थाम्याच्या दर्शनाला. लग्न झालं, शेती अंगावर आली, ते सुटलं. कपाळावरची जखम घेऊन युगानुयुगे फिरणाऱ्याला दुखणं म्हणजे काय ते नक्की कळत असेल, असं मला वाटलं. मी त्याला म्हटलं, यांना घरी पाठव, तुझ्या दर्शनाला येऊ. ते शुद्धीवर आल्यावर मी हे त्यांना सांगितलं आणि तिथेच चुकले. तेव्हापासून तो नवस त्यांनी स्वतःच्या डोक्यावर घेतला. गेल्या दिवाळीत डॉक्टरांनी नाही म्हटल्यावर दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडले होते, हे मी तुला कळवलं नव्हतं.

मग वैशाखात, आखाजीला, तू ती अंगठी पाठवलीस. तू पळायला जातोस तेव्हा घालतोस तशीच. रात्री झोप किती लागली, हृदय कसं चाललं, कालच्या मेहनतीतून शरीर सावरलं की नाही, सगळं ती सकाळी फोनवर मांडते, आणि इथलं तिथे तुला दिसतं. तू म्हणालास, पप्पांनी हळूहळू चालायची सवय करावी, मी लक्ष ठेवतो, दसऱ्याला ठरवू. बोलणं सोन्यासारखं होतं. पण अंगठीच्या आधी मापाच्या प्लास्टिकच्या अंगठ्या आल्या होत्या, आठवतं? तुला संध्याकाळच्या आत नंबर हवा होता. पप्पा केळीत होते, हात चिकाने काळे. मी मोठी शहाणी. माझ्या बापूंनी लग्नात जावयाला घातलेली सोन्याची अंगठी कपाटातून काढली, तिच्यावर एकेक प्लास्टिकची ठेवून बघितली, जुळली तिचा नंबर तुला सांगून मोकळी झाले. ते ती अंगठी घालत नाहीत, तर मला वाटायचं सोनं जपतात. ती एका काडीसारख्या पोराच्या बोटाची होती आणि त्यानंतर त्या बोटाने जन्मभर कोयता धरला आहे, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

तुझी अंगठी आली ती त्यांच्या बोटाच्या सांध्यावर अडली. साबण झाला, खोबरेल झालं. शेजारची नानीबाई दोरा गुंडाळायची युक्ती घेऊन आली, ती अंगठी काढायची युक्ती निघाली. बोट भरताच्या वांग्यासारखं झालं. तेवढ्यात तुझा व्हिडिओ कॉल. तू विचारलंस, घातली का, तर पप्पांनी हात असा लांब धरला की नुसती बोटांची टोकं दिसावीत, आणि हो म्हणाले. पोराने एवढ्या हौसेने पाठवली, बसत नाही कसं सांगायचं? संध्याकाळी तुझा निरोप आला की अंगठी कोणी घातलेली दिसत नाही. पप्पांनी माझ्याकडे बघितलं. "आजना दिन तू घाल, सकाय दखसूत." माझ्या मधल्या बोटात ती मापाने घडवल्यासारखी बसली. भावेश, त्यांचं ते 'सकाय', म्हणजे उद्या, अजून उजाडलेलं नाही.

आता थोडं पाणी पी. हो, आखाजीपासून तू बघतोस ती झोप माझी आहे. हृदयही माझंच.

तुझा राग येण्याआधी पुढचं ऐक, कारण मजा पुढेच आहे. तुझ्या सूचना यायच्या पप्पांसाठी आणि ते त्या बसल्या जागेवरून माझ्याकडे पाठवायचे. पहाटे चालावं, मंदिराच्या टेकाडावर चढउतार करावी, दुपारनंतर चहा बंद. हे खाटेवर चहा पीत मला म्हणणार, "चाल, नही ते पोऱ्याले समजी जाई." मी नानीबाईला बरोबर घेतलं आणि तापीकडच्या रस्त्याने निघाले. पहिले काही दिवस बायकांनी विचारलं, पार्वतीबाई पोलीस भरतीला उभ्या राहणार का. फुलवंताबाईला काळी अंगठी दिसली, तिने ती शनीची समजली आणि मला शनिवारचा उपास चिकटवून टाकला. मी पण नाही म्हटलं नाही. टेकाडावर आधी तीनदा बसावं लागायचं, मग एकदा, मग बसायची आठवणच येईना. गुडघा कुरकुरायचा तोही गप्प झाला. भाकरी थापताना अंगठी काढून मिठाच्या बरणीच्या झाकणात ठेवते, एवढाच तिचा त्रास.

आणि झोप! झोपेला मार्क असतात हे मला कुठे ठाऊक होतं? मी जागी राहिले की सकाळी तुझ्या पप्पांना बोलणी बसायची, मग मला झोपावंच लागलं. भांडी सकाळपर्यंत तशीच ठेवून मी निजले. लग्न झाल्यापासून असं कधी केलं नव्हतं, पण वरून पुण्याचा हुकूम होता. तुझ्या पप्पांनीच दिवा मालवायला सुरुवात केली. कोणी उशिरा गप्पा मारायला आलं तर दारातून सांगायचे की घरात झोपेची वेळ झाली. लोकांना वाटायचं, शांतीलालभाऊ तब्येतीला फार जपतात.

नवरात्रातली गंमत तर सांगायलाच हवी. गरबा म्हटल्यावर मी घरी बसणाऱ्यातली नाही. चार-पाच दिवसांनी तुझा फोन, आवाज चढलेला, की पप्पा, रात्रीचं तुमचं हृदय इतकं धावतं, तुम्ही करता तरी काय? तुझे पप्पा अतिशय गंभीरपणे म्हणाले, गरबा. मी शेजारी शेंगा निवडत होते, तोंडात पदर कोंबला. मग तू त्यांना दोन दिवस सक्तीची विश्रांती सांगितलीस. बोलणी त्यांनी खाल्ली आणि घरात बसले मी. हिशोब बरोबर झाला.

पण बाळा, हे हसण्यावारी नेता नेता एक गोष्ट घडली. तुझ्या पप्पांना ते आकडे स्वतःचेच वाटायला लागले. थट्टा नाही करत. सकाळी चष्मा लावून फोन उघडतात आणि मला विचारतात, "आज मन्ही झोप कशी झायी?" मी छान झाली म्हटलं की छाती फुगते. मध्यंतरी आकडा चांगला आला त्या दिवशी केळीचा घड एकट्याने उचलला. तुझा होकार आल्यापासून तर ज्याला त्याला सांगत सुटलेत, "मन्ही छाती आते लोखंडनी शे." आजारपणानंतर ते स्वतःला मोडलेलं समजत होते. माझ्या झोपेने त्यांना बरं वाटत असेल तर वाटू दे, असं म्हणून मी गप्प राहिले. मलाही ते बरंच वाटत होतं.

परवा रविवारी आम्ही दोघं तापीवरून परत येत होतो. वरच्या अंगाला चढ आहे, तुला माहीत आहे. अर्ध्यावर ते थांबले आणि योगेंद्रची कपाशी बघायला लागले. बोंडअळीबद्दल काहीतरी बोलत होते, पण एका शब्दानंतर दुसरा यायला वेळ लागत होता. मी पण कपाशी बघितली. थोडं वर गेल्यावर पुन्हा थांबले. तिथे कपाशी नाही, नुसत्या बाभळी आहेत. बाभळीत काय बघायचं? ओठ सुकले होते, हात कमरेवर, आणि माझ्याकडे बघायचं टाळत होते. मला श्वासही लागला नव्हता, याची मला लाज वाटली.

काल त्यांना नंदुरबारच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी हृदयाची पट्टी काढून बघितली, आत्ता घाबरण्यासारखं काही नाही म्हणाले, पण सुरतेच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय चढाचं नाव काढायचं नाही. तुझ्या पप्पांनी खिशातून फोन काढला आणि डॉक्टरांना माझी झोप दाखवली. डॉक्टर एकदा आकड्यांकडे बघतात, एकदा त्यांच्याकडे. हे तुमचेच का, म्हणून विचारलं. पप्पा म्हणाले, मग काय शेजाऱ्याचे? आणि त्यांनी ते इतक्या विश्वासाने म्हटलं की मी तिथे बसून तोंड उघडू शकले नाही. बाहेर आल्यावर मला म्हणाले, डॉक्टर जुन्या काळातला आहे, आपल्याकडे पोराचा होकार आहे. माझ्या हृदयाच्या भरवशावर त्यांचं हृदय डोंगर चढायला निघालं आहे, भावेश. हे मला नाही चालणार.

म्हणून हे पत्र. धनत्रयोदशीच्या आधी रजा काढून ये आणि त्यांना सुरतेला घेऊन जा. खरं काय ते तूच सांग, पण त्यांना एकांतात सांग आणि रागावू नकोस. माझ्याकडून ऐकलं तर हसून उडवतील, तुझ्याकडून ऐकतील. डॉक्टर नाही म्हणाले तर गाडी जाते तिथवर आपण तिघंही जाऊ, ते पायथ्याशी तुझ्याबरोबर बसतील, बूट घालून बसू देत. मात्र तू दिलेला होकार मागे घ्यायचा नाही. तो ज्या छातीकडे बघून दिलास ती माझी आहे, नुसतं त्यावरचं नाव बदल. नवस बोलले मी, टेकाड चढून तयार झाले ते पाय माझे, तर वर मी जाणार. नानीबाई बरोबर येते आहे. आपल्या घरातून आजवर कोणी बाई गेलेली नाही, आणि मी कुठे जायचं ते नेहमी कोणाला तरी विचारत आले, पण या वेळी विचारत नाही, कारण तू आधीच हो म्हणून बसला आहेस. आणखी एक, मग थांबते. रोज सकाळी तुझा मेसेज येतो, झोप झाली का. तो पप्पांसाठी असतो, मला कळतं. पण फोन त्यांच्या हातात जायच्या आधी मी तो वाचायचे आणि चुलीपुढे बसून मनातल्या मनात उत्तर द्यायचे, झाली रे बाळा, छान झाली. मला हे आधी कोणी विचारलं नव्हतं. आता अंगठी कोणाच्या बोटात आहे ते तुला कळलं, तरी विचारत जा.

तुझीच,
आई