दाराआडचा केर

मंगळवार, जेवणं उरकल्यावर

आजही अंकाची पानं छपाईला सोडून घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. शेजारचे यंत्रमाग दिवसभर चालतात, त्यामुळे फरशीभर सुताचे पांढरे तंतू. झाडू हातात घेतला, तशा सासूबाई म्हणाल्या, "दिवा लागलाय की. केर भायेर टाकू नको, दाराआड ठिव."

"आत्या, मुक्ताला धाप लागते. धूळ नको म्हणालेत डॉक्टर."

"आन लक्ष्मी गेल्यावर डॉक्टरला काय देशील?"

 बातम्यांचे मथळे ऑफिसात माझे; घरात शेवटचा शब्द आत्यांचा. केर पिशवीत बांधून दाराआड ठेवला. पण पिशवी बांधून काय होणार? रात्रपाळीचे माग सुरू झालेच आहेत. खिडकी लावावी तर उकाड्यानं पोरीला झोप नाही. उघडी ठेवावी तर सकाळी फरशी पुन्हा पांढरी, आणि तेव्हा डबे, शाळा, ऑफिस. केर काढायचा कधी? घर बदलू या म्हटलं तर... ते आम्ही दरवर्षीच म्हणतो.

मुक्ता आत्ताच गादीवरून घरंगळून गार फरशीवर गेली. गाल फरशीला टेकलेला. नाकासमोर एक पांढरा तंतू. श्वासासरशी पुढे जातो, मागे येतो. उचलायला हात नेला आणि तशीच थांबले. तो हलतोय तोवर तिचा श्वास नीट चाललाय, एवढं तरी दिसतंय.